गोषवाऱ्याची विद्या : मराठी दफ्तरातील कागदांचा भार आणि त्याची व्यवस्था

१

अंबा नदीच्या खाडीवर पेण तालुक्यात धरमतर हे लहानसे बंदर आहे. खाडीच्या पूर्वेस पेण, पश्चिमेस अलिबाग आणि वरच्या अंगाला नागोठणे. मुंबईच्या आगबोटी धरमतरला लागत असत त्या काळात कोकणात उतरणाऱ्या असंख्य प्रवाशांना हे नाव परिचित होते. परंतु आगबोटी येण्यापूर्वीही या खाडीतून माल आणि माणसे यांची ये-जा चालतच होती. पेणच्या मिठागरांतील मीठ, खारजमिनीतील भात, डोंगरपट्टीतील लाकूड हे सर्व येथूनच जलमार्गाला लागे.

राजकीय दृष्ट्याही ही खाडी एक सीमा होती. पूर्वेकडील पेण-सांकशीचा मुलूख १८१८ साली पेशव्यांच्या राज्याबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. पश्चिमेकडील कुलाबकर आंगऱ्यांचे संस्थान १८४० साली खालसा झाले. त्यापूर्वी एकाच पाण्याच्या दोन तीरांवर दोन सरकारांचे हिशेब चालत होते. त्यातही जमिनीचे प्रकार अनेक : कोठे खोती, कोठे समुद्राला बांध घालून काढलेल्या खारजमिनींची शिलोत्री, कोठे इनाम. जितके धारणेचे प्रकार, तितक्या हिशेबाच्या तऱ्हा. मिठाची मापे, भाताच्या खंडी, मालावरील जकात, तरीचा मक्ता, बांधांच्या दुरुस्तीचा खर्च या प्रत्येक बाबीला आपापला कागद असे. अशी कागद प्रसवणारी स्थळे केवळ कोकणातच शेकड्यांनी होती. मग देश, खानदेश, गुजरात, माळवा, बुंदेलखंड येथपर्यंत पसरलेल्या राज्याच्या राजधानीत किती कागद येऊन पडत असतील याची कल्पना सहज करता येईल.

या कागदांचे पुढे काय होत असे? पुण्यातील कारभारी ते सर्व वाचीत असत काय? वाचणे अशक्य होते असे मानले, तर राज्याची जमा किती, खर्च किती, कोणाला काय दिले आणि कोणाकडून काय येणे आहे, हे त्यांना कळत असे ते कसे?

हा प्रश्न आजच्या कार्यालयांतही विचारला जातो. माहितीचा अतिभार ही कल्पना ॲल्विन टॉफलर यांच्या १९७० सालच्या ग्रंथाने सर्वतोमुखी केली. पुढच्याच वर्षी हर्बर्ट सायमन यांनी असे प्रतिपादन केले की, माहिती वाढते तेव्हा तिच्या उपभोक्त्याचे अवधान अपुरे पडू लागते. म्हणून संस्थेची खरी अडचण माहिती मिळविण्याची नसून अवधानाची वाटणी करण्याची असते. विवेचनाची ही भाषा नवी आहे, अडचण मात्र जुनी आहे. मराठी राज्याच्या दफ्तराने तिच्यावर जो उपाय योजिला तो समजून घेणे आणि तो उपाय ज्या दिवशी बंद पडला त्या दिवसापासून काय घडले ते पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२

या उपायाचा पहिला पुरावा शब्दांतच सापडतो. दफ्तर हा शब्द फार्सीतून मराठीत आला. त्याचे मूळ ग्रीक भाषेतील कातड्याच्या वाचक शब्दात आहे. लेखनासाठी वापरलेले कातडे, त्यावरून वही, वहीवरून वह्यांचा संग्रह आणि संग्रहावरून कचेरी असा त्याचा अर्थविस्तार झाला. मराठी उच्चारात ‘फ’चा ‘प’ होऊन दप्तर हे रूप रूढ झाले आणि आज ते मुख्यतः शाळकरी मुलाच्या पिशवीला लावले जाते. राज्याच्या कचेरीपासून मुलाच्या पाठीपर्यंत झालेल्या या प्रवासात ओझ्याची छटा कायम राहिली हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दफ्तरातील अधिकाऱ्यांची नावे अधिक बोलकी आहेत. फडणीस म्हणजे फर्दनवीस; फर्द म्हणजे कागदाचा सुटा बंद किंवा यादी आणि नवीस म्हणजे लिहिणारा. ‘फड’ या शब्दाशी त्याचा संबंध लोकव्युत्पत्तीने मागाहून जुळला. चिटणीस हा चिठ्ठ्या लिहिणारा. मुजुमदार हा शब्द ‘मजमू’ म्हणजे एकूण बेरीज यावरून आला आहे. म्हणजे सुटा कागद लिहिणारा एक, पत्रे लिहिणारा दुसरा आणि बेरजेचा धनी तिसरा. ही विभागणी पदांच्या नावांतच रुजलेली होती. कागद निर्माण करणे आणि कागदांची बेरीज ठेवणे ही दोन भिन्न कामे आहेत आणि ती भिन्न माणसांनी करावयाची आहेत, हे तत्त्व त्यांत गृहीत धरलेले दिसते.

तिसरा शब्दवर्ग संक्षेपाचा आहे आणि तो विलक्षण समृद्ध आहे. गोषवारा, तेरीज, ताळेबंद, तर्जुमा, खतावणी, एकबेरीज हे सर्व शब्द लांब मजकूर आखूड करण्याच्या निरनिराळ्या रीती दर्शवितात. फार्सीत गोषवारा म्हणजे मूलतः कानातील अलंकार. पुढे तो हिशेबाच्या सारांशाला लागू झाला. तर्जुमा म्हणजे भाषांतर; परंतु दफ्तरात त्याचा अर्थ एका स्वरूपातील हिशेबाचे दुसऱ्या, आखूड स्वरूपात केलेले रूपांतर असा होता. कोणत्याही भाषेत एखाद्या वस्तूला अनेक नावे असतात तेव्हा तिच्या पोटभेदांकडे त्या भाषिकांना काटेकोरपणे पाहावे लागत होते असे समजावयास हरकत नसते. मराठी कारकुनाला संक्षेपाचे पोटभेद इतक्या बारकाईने ओळखावे लागत, कारण त्याचे निम्मे काम संक्षेपाचेच होते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशात राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत आणि त्यात लेखनवर्ग हा एक स्वतंत्र वर्गच आहे. वरिष्ठ पदांच्या बाबतीत हे पर्याय रूढ झाले : मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री झाला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या वर्षांतील पत्रे घेऊन त्यांतील फार्सी शब्दांचे प्रमाण मोजले आणि ते उत्तरोत्तर घटत गेल्याचे दाखविले. तथापि रोजकीर्द, गोषवारा, रुजू, बार, मोर्तब हे शब्द पेशवाईच्या अखेरपर्यंत जागचे हलले नाहीत. पत्राच्या मजकुरातील फार्सी ओसरली, कागदावरील शेऱ्यांतील फार्सी टिकली. याचे कारण उघड आहे. शेरा हा वाचण्यासाठी नसतो, ओळखण्यासाठी असतो. त्याचे सामर्थ्य तो नेहमी तसाच असण्यात असते. असा शब्द बदलणे म्हणजे नाण्यावरील छाप बदलण्यासारखे होते.

३

आता व्यवस्थेकडे वळू. महालांच्या पातळीवर मामलेदार किंवा कमाविसदार हा मुख्य अधिकारी असे. त्याच्या जोडीला दरखदार असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस असे आठ दरखदार सांगितले जातात. त्यांची पदे बहुधा वंशपरंपरेची असत व त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नसे. या व्यवस्थेचे वर्णन सामान्यतः अधिकाऱ्यांनी परस्परांवर ठेवलेली नजर म्हणून केले जाते आणि ते यथार्थ आहे. परंतु कागदांच्या दृष्टीने पाहिले असता तीच व्यवस्था एका गाळणीसारखी दिसते.

कागद प्रथम मुजुमदाराकडे जाई. त्याने तो पाहून मान्य केल्यावर फडणीस त्यावर तारीख घाली आणि दिवसाची नोंद रोजकीर्दीत करी. दफ्तरदार फडणिसाच्या रोजकीर्दीवरून खतावणी तयार करी आणि दरमहा तिचा गोषवारा हुजुराकडे पाठवी. रोकड व शिल्लक यांचा हिशेब पोतनीस ठेवी, नाण्यांची पारख पोतदार करी, किरकोळ कज्ज्यांची नोंद सभासदाकडे असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांचे काम चिटणीस पाही.

या क्रमात रोजकीर्द, खतावणी आणि गोषवारा या तीन पायऱ्या आहेत. रोजकीर्द काळाच्या अनुक्रमाने चालते. ज्या दिवशी जे घडले ते त्या दिवसाखाली. खतावणीत तीच नोंद विषयाच्या अनुक्रमाने येते. जकातीची जमा जकातीखाली, बांधांचा खर्च बांधांखाली. गोषवाऱ्यात नोंदी नाहीशा होतात आणि फक्त बेरजा उरतात. धरमतरसारख्या बंदरावर एखाद्या दिवशी उतरलेल्या मालावर जी जकात पडे ती रोजकीर्दीत एक ओळ असे, खतावणीत एका सदरातील एक रक्कम असे आणि पुण्याला जाणाऱ्या गोषवाऱ्यात एका बेरजेचा अदृश्य अंश असे. पुण्याला ती ओळ वाचावी लागत नसे. परंतु संशय आलाच तर बेरजेवरून सदराकडे, सदरावरून ओळीकडे आणि ओळीवरून मूळ चिठ्ठीकडे परत जाता येई.

परत जाण्याची ही शक्यता अत्यंत महत्त्वाची होय. रुजू हा शब्द ज्या अरबी धातूवरून आला त्याचा अर्थच परत फिरणे असा आहे. नक्कल मुळाशी रुजू करणे म्हणजे तिच्यावरून मुळाकडे परत जाऊन पडताळणे. रुजुवातीची ही वाट मोकळी होती म्हणूनच गोषवाऱ्यावर विश्वास ठेवता येत असे.

४

पुण्याच्या हुजूर दफ्तरात हीच रचना राज्याच्या प्रमाणावर उभी होती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन यांच्या हाताखालील मॅक्लिऑड यांनी जुन्या कारकुनांकडून माहिती घेऊन तिचे वर्णन लिहून ठेवले आणि पुढील बहुतेक अभ्यासक त्यावरच अवलंबून आहेत. त्यानुसार दफ्तराचे दोन मुख्य भाग होते : चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. भरभराटीच्या काळात दोनशेच्या आसपास कारकून येथे काम करीत.

चालते दफ्तर थेट फडणिसांच्या देखरेखीखाली असे. त्यातील फडातून सनदा, हुकूम व आज्ञा निघत आणि बाहेरून येणारे हिशेब प्रथम तेथेच दाखल होत. रोजकीर्द तेथेच लिहिली जाई. बेहेडा या शाखेत फडाकडील कागदांवरून जमाखर्चाचे अंदाज बांधले जात. सरंजामाची शाखा निराळी होती. काम पुरे झाले म्हणजे सर्व शाखांचे कागद एकबेरीज दफ्तरात जात. या दफ्तरातून हुकूम सुटत नसत. कागदांची वर्गवारी करणे, त्यांची मांडणी करणे, त्यांवरून तर्जुमे म्हणजे जमा, खर्च व शिल्लक यांचे वार्षिक सारांश तयार करणे आणि खर्चाच्या बाबींची सदरवार व अक्षरानुक्रमाने खतावणी करणे, एवढेच त्याचे काम.

हातातील काम आणि संपलेले काम यांची इतकी स्पष्ट फारकत करणे ही या दफ्तराची मोठी करामत होय. चालत्या दफ्तरातील कारकुनाच्या बैठकीवर फक्त अपुरे कागद असत. झालेला कागद तेथून उठे. परंतु तो नाहीसा होत नसे. तो अशा माणसांकडे जाई की ज्यांचा व्यवसायच तो पुन्हा सापडेल असा ठेवणे हा होता. १७२९-३० पासूनचे हिशेब या रीतीने सांभाळलेले होते. नाना फडणिसांच्या काळात या व्यवस्थेत पुष्कळ सुधारणा झाल्या आणि सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत ती पूर्णत्वास पोचली असे मानले जाते.

अन्यत्रही मोठ्या राज्यकारभारांना हीच अडचण आली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत हिंदुस्थानातून येणारी पत्रे परिच्छेदांना क्रमांक घालून लिहिलेली असत आणि उत्तर त्या क्रमांकांना धरून जाई. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे त्या कचेरीत काढली. इकडून गेलेले कागद वाचून त्यांवरील खलित्यांचे मसुदे तयार करणे हे त्याचे मुख्य काम होते. समुद्रापलीकडील राज्य कागदावरून चालवावयाचे तर कागदाला आटोपशीर रूप द्यावेच लागते, हे दोन्हीकडे सारखेच उमगले होते.

५

लिपी आणि भाषा यांचाही या व्यवस्थेत मोठा वाटा होता. परंपरा मोडी लिपीचा संबंध यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडते. तिच्या उगमाविषयी मतभेद असले तरी तिच्या गुणाविषयी नाहीत : ती वेगाने लिहिण्याची लिपी आहे. कागदावर आधी आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्य तितकी कमी उचलीत अक्षरे लिहीत जावयाचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तिने बहुधा सोडून दिला. शब्दांमध्ये जागा सोडण्याचाही दंडक नव्हता. वेगासाठी दिलेली ही किंमत होती आणि ती वाचकाला भरावी लागे.

तथापि वाचकाला तिची भरपाई दुसरीकडून मिळत असे. दफ्तरातील भाषा कमालीची साचेबंद होती. पत्राच्या आरंभी आशीर्वाद आहे, नमस्कार आहे, दंडवत आहे की रामराम आहे यावरून लिहिणारा व ज्याला लिहिले तो यांचा परस्परसंबंध कळे. अखेरीस जाणिजे असेल तर पत्र वरून खाली गेलेले, हे विनंती किंवा हे विज्ञापना असेल तर खालून वर आलेले. सनद, कौल, अभयपत्र, याद या प्रत्येकाचा आरंभ ठराविक. अनुभवी कारकुनाला पहिली व शेवटची ओळ पाहून कागदाचा प्रकार आणि त्याने जावयाची वाट कळून येई. मधला मजकूर वाचण्याची पाळी ज्याची त्याच्यावर. लिपीत जी संदिग्धता होती ती साच्याने दूर केली. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर चिन्हांतील काटकसर रचनेतील पुनरुक्तीने तोलून धरली होती.

संक्षेपचिन्हांचेही तसेच. राजश्रीबद्दल ‘रा॥’, परगण्याबद्दल ‘प॥’, मुक्कामाबद्दल ‘मु॥’, तर्फेबद्दल ‘त॥’, चंद्रदर्शनापासून मोजलेल्या तारखेबद्दल ‘छ’. एकदा नाव आल्यावर पुढे मशारनिल्हे. एकदा बाब आल्यावर पुढे सदरहू. न्यायालयीन मराठीत सदरहू अद्याप नांदतो आहे. जेथे चूक परवडणार नाही तेथे मात्र काटकसर केलेली नाही. सुहूर सन आकड्यांनी न लिहिता अरबी संख्यावाचकांनी लिहीत : खमस सितैन मया व अलफ, म्हणजे ११६५, म्हणजे इसवी सन १७६४-६५. आकडा खोडता येतो, शब्द खोडणे कठीण.

कागदाच्या अंगावरील शेरे हे या भाषेचे शेवटचे अंग. पत्र पोचले त्या दिवसाची पैवस्तगी नोंदविली जाई. नोंद झाली म्हणजे बार. अखेरीस मोर्तब सूद. येथील ‘सूद’ हे ‘झाले’ या अर्थाचे फार्सी क्रियापद आहे. जोडलेल्या बंदांच्या सांध्यावर पाठीमागून मुद्रा करीत, म्हणजे मधला बंद बदलता येऊ नये. ज्याच्या हाती कागद आला त्याला त्याचा मागचा सर्व प्रवास या खुणांवरून एका दृष्टिक्षेपात कळे. कोणते काम झाले आणि कोणते राहिले हे ठरविण्यासाठी त्याला पुन्हा चौकशी करावी लागत नसे.

६

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत ही व्यवस्था मोडली. मॅक्लिऑड यांच्या वृत्तांतानुसार दफ्तराची हेळसांड तर झालीच, शिवाय तेथील कारकुनांचा संच जवळजवळ संपुष्टात आणला गेला आणि लोकांना कागद घेऊन जाण्याची किंवा त्यांचे वाटेल ते करण्याची मोकळीक राहिली. मामलतींचे मक्ते देण्याची पद्धत याच काळात बोकाळली हा केवळ योगायोग नव्हे. मक्तेदाराकडून ठराविक रक्कम घ्यावयाची असे ठरले की महालात काय पिकले आणि काय वसूल झाले हे जाणून घेण्याची सरकारला गरज उरत नाही. ज्याला जाणून घ्यावयाचे नाही त्याला गोषवारा करणारा कारकून हा नुसता खर्च वाटतो.

१८१८ साली इंग्रजांच्या हाती आले ते असे दफ्तर. कागद अजूनही प्रचंड होते. त्यांतील बहुतेक कागदांचा प्रत्येकी अर्थही लागत होता. नव्हती ती त्यांना जोडणारी चालती परंपरा : कोणता कागद कोणत्या पायरीवरचा, त्याची नोंद कोठे सापडावी, तो कशाशी रुजू करावा हे अंगवळणी पडलेली माणसे. एल्फिन्स्टन यांनी मॅक्लिऑड यांना कागदांची जुळवाजुळव करण्यास नेमले ते याच कारणाने आणि उरलेल्या जुन्या कारकुनांची त्यांना गरज भासली तीही याच कारणाने. येथे एक निष्कर्ष काढता येतो. नानांच्या काळात कागद कमी होते म्हणून भार नव्हता असे नाही. कागद वाढतच होते. भार झाला तो कागद आखूड करणारी माणसे गेली तेव्हा.

या भाराची किंमत कोणाला द्यावी लागली? दफ्तर मोडणाऱ्या पेशव्याला नव्हे. त्याला ब्रह्मावर्तास तनखा होता. ती द्यावी लागली ज्यांची उपजीविका एखाद्या नोंदीवर अवलंबून होती त्यांना. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले. देवस्थाने, भिक्षुक, वतनदार, सरदार अशा हजारो धारकांकडे त्यांच्या हक्कांचा पुरावा मागण्यात आला. कमिशनपुढे कसोटी होती ती पेशव्यांच्या दफ्तराची. सनद दाखविली तरी तिच्याशी जुळणारी नोंद हिशेबात आहे काय, हे पाहिले जाई. बाजीरावाच्या काळात बाहेर गेलेल्या कागदांमुळे दोन प्रकारचे अनर्थ संभवत होते. खऱ्या इनामाची नोंद हरवलेली असू शके. आणि ज्यांच्या घरी दफ्तराचे कोरे-लिहिलेले बंद व जुन्या कारकुनांची अक्षरे होती त्यांना खोटी सनद बनविणे सोपे जाई. इंग्रज अधिकाऱ्यांनी दुसऱ्या शक्यतेवर फार भर दिला. पहिली शक्यता ज्यांच्यावर कोसळली त्यांचा आवाज कागदावर क्वचितच उमटला. कमिशनविषयीचा असंतोष दक्षिण महाराष्ट्रात इतका वाढला की १८५७ च्या उठावाच्या कारणांत त्याची गणना होते. अखेर १८६३ च्या कायद्यांनी ठराविक दराने आकारणी घेऊन बहुतेक इनामे कायम करण्यात आली आणि चौकशीचे प्रकरण मिटले.

एक नोंद सापडली नाही म्हणून एका कुटुंबाची जमीन जावी आणि ती नोंद त्याच इमारतीतील न उघडलेल्या रुमालात असावी, असे घडणे या परिस्थितीत सर्वस्वी शक्य होते. दफ्तराची अव्यवस्था ही केवळ कारकुनांची गैरसोय नसते, ती अन्यायाचे कारण होऊ शकते, हे या प्रकरणावरून ध्यानात यावे.

७

इतिहासकारांच्या वाट्याला हाच भार पुढे आला. पुण्यातील पेशवे दफ्तरात कापडात बांधलेले रुमाल तीस हजारांहून अधिक आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतील रोजकीर्दींमधून वेचे काढले. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली त्यांचे महत्त्व विवेचिले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून पंचेचाळीस खंड छापले गेले. मेणवलीच्या नाना फडणिसांच्या दफ्तराचा मोठा भाग पारसनीसांच्या संग्रहातून डेक्कन कॉलेजात आला. हे सर्व कार्य थोर आहे. तरीही छापलेला भाग समग्राच्या मानाने अल्पच होय आणि निवड करणाऱ्याची दृष्टी मुख्यतः राजकारणाकडे असल्याने हिशेबाचे कागद मागे राहिले. दफ्तराच्या कारकुनाने केलेला संक्षेप आणि इतिहासकाराने केलेली निवड यांत एक मूलभूत भेद आहे. पहिल्यात प्रत्येक कागद बेरजेत उतरतो. दुसरीत निवडलेला कागद प्रकाशात येतो व उरलेले अंधारातच राहतात.

कारभाराच्या बाजूने मात्र जुनी परंपरा अगदीच खंडित झाली नाही. महाराष्ट्राच्या महसूल कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत म्हणून जी रीत प्रसिद्ध आहे ती मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी अँडरसन यांच्या नावाशी जोडली जाते. प्रत्येक कारकुनाने आपले कागद सहा गठ्ठ्यांत ठेवावयाचे : प्रलंबित प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचे कागद आणि नाश करावयाचे कागद. अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून कोणता कायमचा ठेवावा व कोणता ठराविक मुदतीनंतर नष्ट करावा हेही ठरविलेले असते. पहिले गठ्ठे म्हणजे चालते दफ्तर आणि पाचवा म्हणजे एकबेरीज दफ्तराची वाट, हे साम्य उघड आहे. ते परंपरेने आले की गरजेतून पुन्हा निर्माण झाले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होईल. सहावा गठ्ठा मात्र नवा आहे. निकाली कागदाला आजही कार्यालयीन मराठीत ‘दप्तरी दाखल’ असे म्हणतात. नोंद झाली, आता हा कागद कोणाच्या बैठकीवर नाही, एवढे सर्व या दोन शब्दांत सामावलेले आहे.

धरमतरच्या खाडीत आज डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जमधून उतरतो. त्याच्या नोंदी कागदावर कमी आणि संगणकावर अधिक होतात. नोंद करणे इतके स्वस्त पूर्वी कधीच नव्हते. परंतु नोंद स्वस्त झाली म्हणून गोषवारा स्वस्त होत नाही. कोणती ओळ कोणत्या सदरात जावी, कोणती बेरीज वर पाठवावी आणि बेरजेवरून ओळीकडे परत जाण्याची वाट कोणी मोकळी ठेवावी, हे प्रश्न यंत्र नेमले तरी कोणीतरी ठरवावेच लागतात. ज्या कार्यालयात ते ठरविलेले नसतात तेथे प्रत्येकाला सर्व कागद मिळतात आणि कोणालाच स्थिती कळत नाही.

दफ्तरात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला या विवेचनाचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. रुमाल सोडल्यावर हाती आलेल्या बंदात काय लिहिले आहे हे वाचण्यापूर्वी तो बंद कोणत्या पायरीवरचा आहे हे पाहावे : ती मूळ चिठ्ठी आहे, रोजकीर्द आहे, खतावणी आहे की तर्जुमा? तर्जुम्यातील मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे. ती घटना कोठल्यातरी बेरजेत विरघळलेली असू शकते. उलट रोजकीर्दीतील एखादी ठळक ओळ दफ्तराच्या दृष्टीने क्षुल्लक असू शकते. कागदावरील शेरे, पैवस्तगी व बार यांच्या खुणा मजकुराइतक्याच लक्षपूर्वक टिपाव्यात. ज्या कारकुनांनी त्या खुणा केल्या त्यांची नावे बहुधा कोठेच आढळत नाहीत. परंतु अडीचशे वर्षांनंतर त्या ढिगातून वाट काढणाऱ्याला वाट दाखविण्याचे काम त्या खुणा अजूनही करीत आहेत.